आधी कौलं, मग चित्रं

वाई मागं टाकून कृष्णेच्या काठानं तीनेक किलोमीटर गेलं की मेणवली येतं. औंधचे भवानराव त्र्यंबक पंतप्रतिनिधी आणि साताऱ्याचे रघुनाथ घनश्याम मंत्री यांनी हे गाव १७६८ च्या डिसेंबरात बाळाजी जनार्दन भानू, म्हणजे आपल्या नाना फडणविसांना दिलं. नानांनी इथं घाट बांधला, मेणेश्वराचं आणि विष्णूचं देऊळ बांधलं, आणि सहा चौकांचा वाडा उभा केला. पेशवाईतल्या कारभारी माणसाचं घर कसं होतं, ते आजही चालत फिरून बघता येईल अशा फार थोड्या जागा महाराष्ट्रात उरल्यात. मेणवली त्यातली एक. ‘स्वदेस’ या चित्रपटामुळे हा घाट देशभर ओळखीचा झाला. वाड्याच्या आतल्या भिंतींवरची चित्रं मात्र तितकी कुणाच्या डोळ्यांसमोर नाहीत.

मेणवलीच्या तीन वस्तूंची गोष्ट मला नेहमी एकत्र आठवते. पहिली घाटावरची घंटा. चिमाजीअप्पांच्या १७३९ च्या वसई मोहिमेनंतर पोर्तुगिजांच्या ज्या घंटा मराठी मुलखात आल्या, त्यातली ही एक. तिच्यावर १७०७ हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. दुसरी वस्तू म्हणजे नानांचं दप्तर. ‘मेणवली दप्तर’ या नावानं इतिहासाचे अभ्यासक ज्याला ओळखतात, ते हजारो कागद या वाड्यात होते. द. ब. पारसनिसांच्या खटपटीनं ते बाहेर आले आणि पुढे साताऱ्याच्या वस्तुसंग्रहालयातून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात सुखरूप पोचले. तिसरी वस्तू भिंतीवरची चित्रं. घंटा वसईहून इथं आली, कागद इथून पुण्याला गेले. चित्रांना कुठं जायची सोय नाही. भिंत आहे तोवर ती आहेत, आणि भिंत छपराच्या आसऱ्यानं उभी असते.

एवढीच गोष्ट मला या लेखात सांगायची आहे. आपल्याकडे भित्तिचित्रांच्या ऱ्हासावर बोलणं निघालं की ते चित्रकलेचं बोलणं होतं. शैली, रंग, राजस्थानचा प्रभाव, दख्खनी कलमाची छाप. सगळं खरं, पण चित्र मरतं ते कौलं फुटल्यामुळे, पन्हळ तुंबल्यामुळे, वारसांचं पटत नसल्यामुळे आणि सिमेंटची पिशवी सहज मिळते म्हणून. हा प्रश्न आधी घराचा आहे.

आधी किती आणि काय उरलंय ते बघू. शनिवारवाड्यापासून सुरुवात करणं भाग आहे, कारण सगळ्यात मोठं नुकसान तिथं झालं. १७३० च्या जानेवारीत पायाभरणी, १७३२ च्या जानेवारीत वास्तुशांत. पुढे नानासाहेबांच्या काळात गणेश रंगमहाल झाला. आतल्या दालनांच्या भिंतींवर रामायण-महाभारतातले प्रसंग होते, आणि ते काढायला जयपूरहून आलेल्या भोजराज या चित्रकाराचं नाव सांगतात. १८२८ च्या फेब्रुवारीत वाड्याला आग लागली, ती कित्येक दिवस धुमसत होती. त्यात हे सगळं गेलं. दिल्ली दरवाज्याच्या आतल्या बाजूला जे पुसट रंग दिसतात, त्यांवरून मूळ चित्रसंभाराची कल्पना करणं म्हणजे एका तुळईवरून अख्खा वाडा ओळखण्यासारखं आहे. शनिवारवाडा बघायला येणाऱ्या माणसांतली फार थोडी त्या कमानीखाली मान वर करून थांबतात.

पुण्यातच नानावाडा आहे. तिथं कित्येक वर्षं शाळा भरत होती, आणि तिथल्या भिंतींवरही चित्रांचे अवशेष आहेत. वाईच्या परिसरात रास्त्यांची मोतीबाग आहे. नाशिक जिल्ह्यात चांदवडला अहिल्याबाई होळकरांचा रंगमहाल आहे. सातारा जिल्ह्यात जयरामस्वामींच्या वडगावचा मठ आहे. देवळांच्या सभामंडपांत, मठांत, सरदारांच्या आणि सावकारांच्या वाड्यांत विखुरलेली ही सगळी परंपरा एका जागी आणून तिच्यावर नीट लिहिलं ते कमल चव्हाण यांनी. मराठा भित्तिचित्रांवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९८३ साली आलं. साधारण १६५० ते १८५० हा काळ त्यांनी घेतला. आज या विषयाकडे वळणाऱ्या कुणालाही तिथूनच सुरुवात करावी लागते. चाळीस वर्षांनंतरही अशा कामाची तितकीच व्यापक पुढची पायरी आपल्याकडे पडू नये, याचं मला वाईट वाटतं.

या चित्रांना दुय्यम ठरवायची एक सवय आहे. अजिंठा डोळ्यांत भरलेला असला की वाड्यातला बुटका, ठसठशीत डोळ्यांचा मारुती बाळबोध वाटतो. मला ते मान्य नाही. या चित्रांतली द्रौपदी नऊवारी नेसते, राधेच्या नाकात नथ असते, देवाच्या सभेतले लोक पगडी घालतात. दशावतार, गणपतीच्या दोन्ही बाजूंना ऋद्धी-सिद्धी, गोवर्धन उचललेला कृष्ण, शिवपार्वती. मध्येच कुस्ती खेळणारे मल्ल, आरशात बघणारी बाई, बंदूक घेतलेला शिपाई. अठराव्या शतकातलं मराठी माणूस स्वतःकडे कसं बघत होतं, हे दाखवणारं दुसरं इतकं थेट साधन आपल्याकडे नाही. बखरी आणि पत्रं राजकारण सांगतात. कुणी कसं लुगडं नेसत होतं, तंबोरा कसा धरत होतं, मांडी घालून कसं बसत होतं, ते या भिंती सांगतात. अजिंठ्याशी तुलना करून त्यांना मार्क देणं म्हणजे ओवीला महाकाव्याच्या फुटपट्टीनं मोजणं.

आता ही चित्रं बनली कशी ते बघायला हवं, कारण ती कशी बिघडतात याचं उत्तर तिथंच आहे. ओल्या चुन्यावर रंग लावला तर चुना वाळताना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो, पुन्हा दगडासारखा होतो आणि रंगाचा कण त्या स्फटिकात कायमचा अडकतो. राजस्थानात आलागीला किंवा अराईश म्हणतात ती पद्धत या जातीची. तिथं वर अकीकाचा दगड घासून भिंत काचेसारखी करतात. आपल्या वाड्यांत बहुतेक काम वाळलेल्या चुन्याच्या गिलाव्यावर झालेलं आहे. गेरू, हिरमिजी, पिवडी, हरताळ, नीळ, काजळ असे रंग डिंकात किंवा सरसात खलून लावायचे. म्हणजे रंग भिंतीत मुरलेला नसतो, भिंतीवर चिकटलेला असतो. डिंक पाण्यात विरघळतो, सरसाला बुरशी धरते. पाण्याचा एक ओघळ आला की दोनशे वर्षांची रेघ एका श्रावणात धुऊन जाते. म्हणूनच पडझड झालेल्या वाड्यात गेरूचे आणि काजळाचे काळे-तांबडे आकार तेवढे उरलेले दिसतात आणि नाजूक रंग गेलेले असतात.

पाणी दोन वाटांनी येतं. एक वरून. वाड्याचं छप्पर म्हणजे लाकडी तुळया, वासे, रिपा आणि वर कौलं. ते दरवर्षी माणसाचा हात मागतं. मे महिन्यात कौलं चाळायची, फुटकी बदलायची, पन्हळीतला पाचोळा काढायचा, ही कामं घरात माणसं होती तेव्हा कुणी लिहूनही ठेवत नव्हतं. ती व्हायचीच. माकडानं हलवलेलं एक कौल त्याच आठवड्यात जागेवर बसायचं. घर बंद झालं की तेच कौल जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाणी सोडत राहतं. तुळईच्या भिंतीत शिरलेल्या टोकाला ओल धरते, मग वाळवी, मग तुळई खचते, मग तिच्याखालचा गिलावा फुगतो. चित्राचा पोपडा जमिनीवर पडतो तेव्हा त्या कौलाला हलून दहा-पंधरा वर्षं झालेली असतात.

दुसरी वाट खालून. जोत्यातून भिंतीत ओल चढते आणि येताना मातीतले, विटेतले क्षार घेऊन येते. पृष्ठभागाशी आल्यावर पाणी वाफ होऊन जातं, क्षार मागं राहतात आणि त्यांचे स्फटिक होतात. जुनी माणसं याला भिंतीला लोणा लागला म्हणतात. हे स्फटिक रंगाच्या थराच्या पाठीमागं वाढतात आणि आतून रंगाला ढकलतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं रंग जुना झाला म्हणून उडतोय. खरं तर भिंत त्याला ढकलून देत असते.

इथं सिमेंटचा विषय येतो, आणि इथं मी जरा थांबणार आहे, कारण गेल्या पन्नास वर्षांत वाड्यांच्या चित्रांचं जितकं नुकसान दुर्लक्षानं केलं तितकंच या दुरुस्तीनं केलं असेल असं मला वाटतं. चुन्याची भिंत श्वास घेते. आत आलेली ओल ती बाहेर सोडते. सिमेंट तसं सोडत नाही. ओल चढते म्हणून कुणी भल्या हेतूनं भिंतीच्या खालच्या तीन फुटांना सिमेंटचा गिलावा करून घेतो. खालून वाट बंद झालेलं पाणी मग वर चढतं आणि सिमेंट संपतं तिथं बाहेर पडतं. चित्र नेमकं तिथं असतं. ज्या उंचीवर दोनशे वर्षं लोणा कधी पोचला नव्हता, तिथं तो पाच वर्षांत पोचतो. शिवाय सिमेंटमध्ये स्वतःचेही क्षार असतात. गवंड्याची यात चूक नाही. त्याला चुन्याची घाणी कुणी दाखवलेलीच नाही. चुना आठवडेच्या आठवडे भिजवायचा, घाणीत मळायचा, त्यात गुळाचं पाणी, बेलफळाचा गर, हिरडा, ताग घालायचा, हे ज्यांच्या हाताला माहीत होतं ती पिढी संपत आली. ज्यांना माहीत आहे त्यांना हे काम मिळत नाही.

सिमेंटच्या बरोबरीनं दुसरी गोष्ट ऑइलपेंटची. साताऱ्याकडच्या एका गावात, नाव लिहीत नाही, देवळाच्या मंडपात लहानपणी मी दशावताराची रांग पाहिली होती. मत्स्याच्या शेपटीवरचे खवले एकेक सुटे काढलेले होते, एवढं ठळक आठवतंय. काही वर्षांपूर्वी गेलो तर जीर्णोद्धार झाला होता. सगळी भिंत गुलाबी, वर चकचकीत ऑइलपेंट, आणि मत्स्याच्या जागी नव्यानं काढलेला बटबटीत मासा. ज्यांनी केलं त्यांनी मला कौतुकानं नेऊन दाखवलं. वर्गणी काढून, खिशाला चाट लावून केलेलं काम होतं ते. त्यांच्याशी काय बोलावं कळेना. देवाचं घर स्वच्छ, नवं दिसावं ही त्यांची भावना खरी होती. जुनं चित्र म्हणजे नवं करून घ्यायची गोष्ट आहे, यापलीकडे त्यांना कुणी काही सांगितलं नव्हतं. कुठल्याही सरकारी माणसानं, कुठल्याही अभ्यासकानं, आणि मीही.

चांगल्या हेतूनं केलेल्या चुकीचं सर्वांत मोठं उदाहरण महाराष्ट्राच्याच मातीत आहे. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याला अजिंठ्याची लेणी दिसली आणि दहाव्या लेण्यातल्या खांबावर, चित्राच्या अंगावर, त्यानं आपलं नाव कोरलं. ते तर सरळ अज्ञान. पुढे १९२० ते १९२२ मध्ये निजाम सरकारनं खास इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी आणि ओर्सिनी या तज्ज्ञांना बोलावलं. त्यांनी सुटणारे पोपडे बसवले, भेगा भरल्या, अनेक चित्रं पडण्यापासून वाचवली. त्याबरोबर चित्रांवर शेलॅकचा, म्हणजे लाखेचा थरही दिला. सुरुवातीला रंग खुलले. मग तो थर पिवळा, मग तपकिरी होत गेला आणि त्यानं धूळ धरून ठेवली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे रसायनतज्ज्ञ गेली कित्येक दशकं तो थर फार सावकाश, बोटभर जागेवर आधी प्रयोग करून काढताहेत. त्या काळातले जगातले उत्तम कारागीर, राजाचा पैसा, चांगली इच्छा, हे सगळं असूनही असं झालं. म्हणून आज या क्षेत्रात पहिला नियम सांगतात तो असा, की जे परत काढता येणार नाही ते चित्रावर लावू नका.

अजिंठ्याची आणखी एक शिकवण आहे, नोंदींची. रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून वर्षानुवर्षं बसून काढलेल्या प्रतिकृती लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये होत्या. १८६६ च्या आगीत त्यातल्या बहुतेक जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या जॉन ग्रिफिथ्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून पुन्हा प्रतिकृती केल्या. पेस्तनजी बोमनजी त्या विद्यार्थ्यांतले. त्याही लंडनला गेल्या आणि १८८५ च्या आगीत बऱ्याच जळाल्या. तरीही ज्या वाचल्या आणि ज्या ग्रिफिथ्स यांच्या ग्रंथात छापल्या गेल्या, त्यांवरून आज मूळ भिंतीवर काय गेलं ते कळतं. अजिंठ्याच्या वाट्याला दोन वेळा पिढीच्या पिढी बसवून केलेली नोंद आली. वाड्यांच्या चित्रांच्या वाट्याला एकदाही तशी आली नाही. आणि आता नोंद करायला वीस वर्षं लागत नाहीत, एक चांगला कॅमेरा आणि चार दिवस लागतात.

पुण्यात एक क्षण असा आला होता जेव्हा ही नोंद होऊ शकली असती. सर चार्ल्स मॅलेट हा इंग्रज वकील १७८६ पासून पेशव्यांच्या दरबारी होता. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९० नंतर पुण्यात आला. सवाई माधवरावांच्या आश्रयानं शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली. गंगाराम तांबट हा पुण्याचा कारागीर तिथून पुढे आला आणि त्यानं वेरूळची लेणी कागदावर उतरवली. मराठी माणसानं आपल्या वारशाकडे स्वतः बघून केलेल्या पहिल्या काही नोंदींपैकी ती एक असावी. १७९५ मध्ये वेल्स गेला आणि त्याच वर्षी सवाई माधवरावही गेले. चित्रशाळा तिथंच थांबली. गंगारामानं वेरूळ काढलं. ज्या वाड्यात तो शिकला त्याच्या भिंती त्यानं कागदावर उतरवल्या असत्या, तर आज आपण शनिवारवाड्याबद्दल असे अंदाजानं बोलत नसतो.

वाडे रिकामे का झाले, हे न सांगता हा आढावा पुरा होत नाही. वाडा पगारावर चालत नव्हता, इनामावर आणि जमिनीच्या उत्पन्नावर चालत होता. पेशवाई गेल्यावर पहिला तडाखा बसला. त्यानंतर गांधीहत्येनंतरच्या १९४८ च्या जाळपोळीत पश्चिम महाराष्ट्रातले कित्येक वाडे गेले आणि त्यातली माणसं शहरात आली. कूळकायद्यानं कसणाऱ्याला जमीन मिळाली. ते न्यायाचंच होतं. इनामं रद्द झाली. त्याच जमिनीच्या धान्यावर कौलं चाळणाऱ्या गड्यांची मजुरी निघत होती, त्याला पर्याय मात्र कुणी उभा केला नाही. पुण्यासारख्या शहरात वाड्यांत भाडेकरू आले. भाडं गोठलं, मालकाला दुरुस्ती परवडेना, भाडेकरूला ती आपली वाटेना. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि मुठेकाठच्या पेठांतले वाडे एका दिवसात बसले. उरलेल्यांच्या जागी इमारती आल्या. खेड्यातल्या वाड्याची आजची स्थिती अशी, की सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर वीस-पंचवीस नावं, त्यातली निम्मी पुण्या-मुंबईत, काही परदेशात. एक म्हातारं जोडपं सोप्यात राहतं आणि बाकी चौक कुलुपात. सगळ्यांच्या सह्या मिळेपर्यंत पावसाळा येतो.

हीच कथा राजस्थानातल्या शेखावटीची आहे, फक्त तिथं प्रमाण प्रचंड. नवलगढ, मंडावा, फतेहपूर, रामगढ इथले मारवाडी व्यापारी कलकत्त्याला आणि मुंबईला गेले, तिथून पैसे पाठवून गावाकडे हवेल्या रंगवून घेतल्या आणि स्वतः परतले नाहीत. शेकडो हवेल्या चौकीदाराच्या भरवशावर राहिल्या. तरी तिथं काही घडलं. नवलगढची १९०२ ची पोद्दार हवेली वस्तुसंग्रहालय झाली. फतेहपूरची १८०२ ची एक हवेली नादीन ल प्रिन्स या फ्रेंच चित्रकर्तीनं १९९८ च्या सुमारास घेतली आणि उभी केली. इले कूपर या इंग्रज माणसानं सायकलवरून गावोगाव फिरून हवेल्यांच्या नोंदी केल्या. शेखावटीला पर्यटक येतात, कारण तिथली चित्रं रस्त्यावरून, बाहेरच्या भिंतीवर दिसतात. आपली चित्रं आत, माजघराच्या जवळ, देवघराशेजारी. ती घरच्यांसाठी होती. त्यामुळे त्यांना प्रेक्षक मिळाला नाही, आणि घरचे गेल्यावर कुणीच उरलं नाही.

मराठ्यांच्याच दुसऱ्या घराकडे, तंजावरकडे बघितलं तर वेगळं काही शिकायला मिळतं. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत भोसल्यांनी तिथं राज्य केलं. त्यांच्या राजवाड्यातला दरबार हॉल आजही खांबाखांबावर रंगवलेला आहे. तिथल्याच बृहदीश्वराच्या देवळात, १९३१ साली, नायककालीन चित्रांच्या थराखाली अकराव्या शतकातली चोळकालीन चित्रं सापडली. पुरातत्त्व खात्यानं पुढे वरचा नायककालीन थर भिंतीवरून अलगद सोडवून वेगळा जतन केला आणि खालचा थर उघडा केला. दोन्ही वाचले. आपल्या वाड्यांत दिवाळी आणि लग्नकार्याला दिलेल्या चुन्याच्या पांढऱ्या हातांखाली किती चित्रं झाकलेली असतील, या विचारानं मला धीर येतो. चुन्याचा हात काढता येतो. ऑइलपेंट काढणं फार कठीण. भिंत पाडली तर काहीच करता येत नाही.

कोकणात आणि गोव्यात यापेक्षा वेगळं एक काम आहे, कावीचं. पांढऱ्या चुन्यावर जांभ्याच्या मातीचा तांबडा थर देऊन तो ओला असताना खरवडून आकृती काढायच्या. मोरजीच्या मोरजाईच्या देवळात ते दिसतं. रंग चिकटवलेला नसून गिलाव्यातच असल्यामुळे ते पावसाला जास्त तोंड देतं. त्याचा शत्रू पाणी कमी, नव्या देवळाची हौस जास्त.

कायद्याकडे वळू. केंद्राचा १९५८ चा आणि महाराष्ट्राचा १९६० चा स्मारकांचा कायदा आहे. त्याखाली संरक्षित ठरलेल्या वास्तूला हात लावता येत नाही. संरक्षित होणारे बहुतेक किल्ले, लेणी, देवळं, समाध्या. राहतं घर या चौकटीत फारसं बसत नाही, आणि ज्यांचं घर आहे त्यांनाही ते नको असतं, कारण संरक्षण म्हणजे खिळा ठोकायला परवानगी आणि बदल्यात दुरुस्तीला दमडी नाही अशी त्यांची समजूत असते. ती पूर्ण चुकीची आहे असं म्हणायला माझ्याकडे पुरेशी उदाहरणं नाहीत. मुंबईत १९९५ साली वारसा वास्तूंसाठी नियम आले, देशात पहिल्यांदा. वाईच्या किंवा चांदवडच्या वाड्याला त्याचा उपयोग नाही. माझं स्पष्ट मत असं आहे, की वाड्यांसाठी ताब्यात घेणारा कायदा नको, हात देणारी योजना हवी. चित्रं असलेल्या घराची घरपट्टी माफ करावी, छपराच्या वार्षिक दुरुस्तीचा खर्च जिल्हा पातळीवरून द्यावा, आणि बदल्यात मालकानं चित्रांच्या भिंतीला विचारल्याशिवाय काही लावू नये एवढी एकच अट घालावी.

तज्ज्ञ नाहीत ही सबब पुरेशी नाही. लखनौला सांस्कृतिक संपत्तीच्या जतनाची राष्ट्रीय प्रयोगशाळा १९७६ पासून आहे, मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जतन केंद्र आहे, वारसा जपणारी इन्टॅक ही संस्था १९८४ पासून काम करते. सुटणाऱ्या पोपड्यावर जपानी कागद चिकटवून तो धरून ठेवायचा, मागच्या पोकळीत सुईनं चुन्याचं पातळ मिश्रण सोडायचं, क्षार ओल्या लगद्यानं शोषून घ्यायचे, गेलेल्या जागी नवा डोळा किंवा हात न रंगवता शांत रंगाचा हात देऊन सोडायचं, हे सगळं भारतात करणारी माणसं आहेत. ती थोडी आहेत आणि महाग आहेत. म्हणूनच त्यांना बोलावण्याआधी जे काम गावातल्या माणसाला करता येतं ते झालेलं असलं पाहिजे. वरून पाणी गळत असताना खाली सुईनं चुना भरणं म्हणजे खर्च पाण्यात घालणं.

मेणवलीच्या वाड्याबद्दल मला आशा वाटते ती याच कारणानं. तिथं घराण्याचं लक्ष आहे, छप्पर आहे, लोक येतात-जातात. काही ठिकाणी रंग गेलाय आणि रेघ उरलीय, काही ठिकाणी रेघही धूसर झालीय. तरी भिंत उभी आहे. मोठ्या नावाच्या वाड्यांपेक्षा मला काळजी वाटते ती नाव नसलेल्या वाड्यांची. तालुक्याच्या गावात, बाजारपेठेच्या मागं, ज्याच्या दिंडीदरवाज्यावर आता मोबाइल रिचार्जची पाटी आहे अशा वाड्याची. त्याच्या दिवाणखान्यात काय आहे हे कुणालाच माहीत नाही, आणि घर पाडायला ठेकेदार येतो तेव्हा भिंतीवर गणपती दिसतो म्हणून दोन मिनिटं हात जोडतो.

तुमच्या गावात असं घर असेल तर येत्या मे महिन्यात जा. घरच्यांना विचारून आत जा. प्रत्येक भिंतीचा समोरून फोटो काढा, मग बॅटरीचा उजेड बाजूनं तिरका टाकून पुन्हा काढा, म्हणजे फुगलेला गिलावा दिसेल. तारीख, गाव, कुठल्या दालनाची कुठली भिंत ते लिहून ठेवा आणि एक प्रत जवळच्या वस्तुसंग्रहालयाला किंवा महाविद्यालयाच्या इतिहास विभागाला द्या. चित्रावर पाणी मारून रंग उजळून बघू नका, कापडानं पुसू नका. आणि निघण्याआधी मान वर करून छप्पर बघा. जिथून आभाळ दिसत असेल तिथं मृगाच्या आत कौल बसवून घ्या. माणूस मिळत नसेल तर शिडी लावून स्वतः बसवा.